शिफ्ट इन्चार्ज सिस्टर: सकाळी ९ ते ११ च्या गर्दीत कामाचा क्रम कसा लावायचा, कुणाला काय सोपवायचं?

मंजिरी_इंदूर
इथे नर्सिंगमधली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. खासगी हॉस्पिटल, ३० खाटांचा मिश्र वॉर्ड (मेडिसिन आणि सर्जरी एकत्र), सकाळची पाळी ८ ते २. साधारण २६ पेशंट भर्ती असतात. इन्चार्ज सोडून चार सिस्टर: दोन बीएससी, एक जुनी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली), एक अगदी नवीन जीएनएम. शिवाय एक आयाबाई, एक वॉर्ड बॉय आणि आठवड्यातले चार दिवस तीन विद्यार्थिनी.
सध्याची पद्धत अशी: एक सिस्टर सगळी इंजेक्शनं, एक सगळी ड्रेसिंग, एक सगळ्या फाइली, चौथी पडेल ते. ९ ते ११ मध्ये डॉक्टरांचे राऊंड, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) फोन, छुट्ट्या (डिस्चार्ज) आणि कॅज्युअल्टीतून नवीन भर्ती हे सगळं एकदम येतं. प्रश्न तीन. क्रम कशाच्या आधारावर लावायचा? आयाबाई, भय्या (वॉर्ड बॉय) आणि विद्यार्थिनींना काय द्यायचं, काय नाही? आणि इन्चार्जने स्वतःकडे पेशंट घ्यावेत का?

जुनी_मेट्रन
मंजिरी, तिसऱ्याचं उत्तर आधी. चार सिस्टर हजर असतील तर इन्चार्जने पेशंट घेऊ नयेत. तीनच असतील तर काउंटरजवळचे तीन-चार स्थिर पेशंट घ्यावेत, पण जड पेशंट कधीही नाही. इन्चार्ज एका खाटेला अडकली की बाकी पंचवीस खाटांवर नजर ठेवायला कुणी उरत नाही.

आता क्रम. तो ९ वाजता लावायला घेतला तर उशीर झालेला असतो. ८ ते ८:२० मध्ये लावायचा. रात्रीच्या सिस्टरकडून ओव्हर (पाळी बदलतानाची पेशंटची माहिती) काउंटरवर बसून घेऊ नका, खाटेजवळ उभं राहून घ्या. एका पेशंटला पाऊण मिनिट पुरतं. फाइलमध्ये "जनरल कंडिशन फेअर" लिहिलेलं असतं आणि पेशंट दम लागून उशीला टेकून बसलेला असतो, हे फक्त खाटेशी दिसतं. फिरताना चार गोष्टी टिपायच्या: कोण बिघडू शकतं, कोण बाहेर जाणार (ओटी, एमआरआय, डायलिसिस, छुट्टी), कोण आत येणार, आणि कुठली औषधं वेळेला बांधलेली आहेत.

"कोण बिघडू शकतं" हे अंदाजावर सोडू नका. न्यूज-२ स्कोअर (पेशंट बिघडतोय का हे आधीच दाखवणारे गुण) वापरा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिलेला आहे. श्वास, ऑक्सिजन सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, एवढ्याच गोष्टी लागतात. बेरीज ५ किंवा ६ आली की दर तासाला तपासणी आणि डॉक्टरांना तातडीचा फोन. ७ किंवा वर गेली तर सतत नजर आणि इमर्जन्सी. एकाच गोष्टीला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांनी येऊन बघायला हवं, बेरीज कमी असली तरी. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला सॅच्युरेशनची दुसरी पट्टी लागते (लक्ष्य ८८ ते ९२), ती डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेली हवी.

यातला सगळ्यात खोटा आकडा म्हणजे श्वासाचा. पुष्कळ चार्टवर २६ च्या २६ पेशंटांचा श्वास २० लिहिलेला सापडेल. मिनिटभर मोजायचा कंटाळा, दुसरं काही नाही. आणि पेशंट बिघडताना बहुतेक वेळा हाच आकडा आधी हलतो.

वाटप डोकी मोजून करू नका, वजन मोजून करा. चालता-फिरता आणि तोंडी औषधांवर असलेला पेशंट १. बॉटल, ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी), चार वेळा शुगर, उठायला मदत लागते असा २. न्यूज ५ च्या वर, रक्त चालू, ऑपरेशननंतरचे पहिले सहा तास किंवा भ्रमात असलेला, ३. हे ढोबळ माप आहे, पुस्तकातलं नाही. २६ पेशंटांत चार जड, बारा मधले आणि दहा हलके धरले तर १२ + २४ + १० = ४६. नवीन सिस्टरला ८ च्या आसपास द्या, उरलेले ३८ तिघींत वाटा, म्हणजे १२-१३ प्रत्येकी.

छत्रीबागकर
ताई, हे कागदावर छान वाटतं. पण इंजेक्शनची ट्रॉली घेऊन एकच सिस्टर निघाली तर तासाभरात २६ पेशंट होतात. चौघी चार ट्रॉल्या फिरवायला लागल्या तर ट्रॉली कुठून आणायच्या? स्टाफ कमी असतो तेव्हा काम वाटून देणंच जमतं, पेशंट वाटून देणं नाही.

आयसीयू_रात्रपाळी
छत्रीबागकर, वेगाचा मुद्दा खरा आहे. ट्रॉलीचाही खरा आहे, पण त्यावर उपाय स्वस्त आहे: प्रत्येक सिस्टरला एक ट्रे, एक किडनी ट्रे आणि सुयांचा छोटा पांढरा डबा. अडचण वेगळीच आहे. काम वाटलं की पेशंट कुणाचाच राहत नाही.

दुपारची इन्सुलिनची साखळीच बघा. १२ वाजता विद्यार्थिनी शुगर तपासते आणि आकडा वहीत लिहिते. इंजेक्शनवाली सिस्टर १२:१० ला वही बघून ट्रॉलीसकट इन्सुलिन देत निघते. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, तेव्हा तिचं काही चुकलेलं नाही. जेवणाची गाडी १२:३० ला यायची, त्या दिवशी येते १:१५ ला. ताट आयाबाई ठेवते. पेशंटला मळमळतंय म्हणून तो दोन घास खाऊन ताट सरकवतो. आयाबाई ताट उचलते आणि कुणाला सांगत नाही, कारण सांगायचं आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. दीड-दोनच्या सुमारास, म्हणजे नेमकं पाळी बदलताना, पेशंट घामाघूम. प्रत्येकीने आपलं काम केलं, आणि शुगर ४८.

तोच पेशंट एका सिस्टरचा असेल तर ती गाडी वॉर्डाच्या दारात दिसल्याशिवाय सुई उचलत नाही. जलद इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्यावरच. आणि आयाबाईला एकच वाक्य: "शुगरवाले मरीज़ की थाली आधी से ज़्यादा बची हो तो उठाने से पहले मुझे दिखाना।"

शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर, गिळता येतंय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे अर्ध्या पेल्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. हॉस्पिटलच्या स्थायी आदेशाप्रमाणे शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम.

इन्सुलिनवरून अजून एक. आपल्याकडच्या बहुतेक साध्या व्हायल मिलिलिटरला ४० युनिटच्या, पेनमधली काडतुसं १०० युनिटची. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये "१०" पर्यंत भरलं तर पाव मिली जातं, म्हणजे २५ युनिट. उलट केलं तर १० ऐवजी ४. त्यामुळे इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड या तिघांना दोन नोंदणीकृत सिस्टरांनी स्वतंत्रपणे तपासायचं. दुसरीने पहिलीचा हिशेब ऐकून मान डोलवणं म्हणजे तपासणं नाही. पोटॅशियमची १० मिलीची अँप्यूल (१५ टक्के) २० मिलिइक्विव्हॅलंटची असते. ती थेट शिरेत कधीच नाही, आणि हाताच्या शिरेतून साधारण ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. ही अँप्यूल वॉर्डाच्या उघड्या ट्रेमध्ये सलाइनच्या अँप्यूलशेजारी असूच नये.

छत्रीबागकर
साखळीचं पटलं. पण रात्री दोनच सिस्टर असतात तेव्हा?

आयसीयू_रात्रपाळी
वॉर्ड मधोमध कापा. १ ते १३ एकीचे, १४ ते २६ दुसरीचे, आपापल्या अर्ध्यात सगळं काम आपलं. दुहेरी तपासणी, रक्त लावणं, कुशी वळवणं एवढ्यापुरतं एकत्र यायचं. एक चहाला गेली तर दुसरीला नावानिशी सांगून.

ब्रदर_सुदामानगर
दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. अमेरिकेच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने सोपवण्याचे पाच निकष दिलेत: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना, योग्य देखरेख. तिथली कायद्याची चौकट वेगळी, पण हे पाच आपल्या वॉर्डात जसेच्या तसे चालतात. आपल्याकडे पहिला आणि तिसरा सगळे पाळतात, चौथा अर्धवट, आणि दुसरा-पाचवा कुणी विचारतच नाही.

न सोपवण्याची यादी छोटी आहे. पेशंटची पहिली तपासणी, बदललेल्या स्थितीचा अर्थ लावणं, औषध (कुठल्याही मार्गाने), रक्त, घरी जाताना द्यायची माहिती आणि दिलेल्या उपचाराचा परिणाम झाला का हे ठरवणं. ही नोंदणीकृत सिस्टरची कामं. आयाबाईने पंधरा वर्षं वॉर्डात काढली असतील तरी.

आयाबाईला: स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, बेडपॅन, चादर, स्थिर पेशंटला हाताने भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलायला मदत. भरवण्यात अपवाद दोन. पक्षाघाताच्या पेशंटची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. आणि रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीडिंग आयाबाईनेही नाही, अटेंडरनेही (पेशंटच्या नातेवाईकानेही) नाही. ट्यूब जागेवर आहे का हे सिस्टरने बघायचं, डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि फीड झाल्यावर निदान अर्धा तास तसंच. अटेंडरला "तुम्हीच सोडा हळूहळू" म्हणून मोठी सिरिंज हातात देणं बऱ्याच ठिकाणी चालतं, ते बंद करा.

वॉर्ड बॉयला: स्थिर पेशंटला एक्स-रे किंवा सोनोग्राफीला नेणं, नमुने लॅबला पोचवणं, सिलिंडर बदलणं, कचऱ्याच्या पिशव्या. न्यूज ५ च्या वरचा किंवा ऑक्सिजनवरचा पेशंट एकट्या वॉर्ड बॉयसोबत खाली जाणार नाही. इथे सिलिंडरचा हिशेब यायला हवा. बी टाइप सिलिंडरमध्ये १० लिटर पाणी मावतं, म्हणून गेजवरचा (बारमधला) आकडा गुणिले १० म्हणजे उरलेले लिटर. काटा ४० वर असेल तर ४०० लिटर, मिनिटाला ८ लिटरने ५० मिनिटं. पाव भाग राखून ठेवला तर ३७ मिनिटं. सीटीला जाऊन यायला पुरेल, पण तिथे रांग असेल तर नाही. निघण्याआधी रेडिओलॉजीला फोन करून पुढे किती जण आहेत ते विचारायचं. एमआरआय असेल तर लोखंडी सिलिंडर त्या खोलीत जाताच कामा नये, हे नवीन भय्याला पहिल्या दिवशी सांगा.

सगळ्यात जास्त घोळ लघवीच्या थैलीत होतो. थैली भरलेली दिसली की भय्या रिकामी करतो, चांगल्या मनाने. ६० किलोच्या पेशंटची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली तर सांगायचं असं डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. साडेअकराला ४०० मिली नाल्यात गेले, चार्टवर काहीच नाही. दोन वाजता बेरीज १२० येते. मग एक तर विनाकारण धावपळ होते, किंवा कुणीतरी अंदाजाने आकडा घालतं. दुसरं जास्त वाईट. म्हणून सूचना अशी द्यायची: "भय्या, सात और बारह नंबर की थैली नाप के जार में खाली करना, नंबर और टाइम वहीं चार्ट पे लिखना, फिर मुझे बोलना।" थैलीवरच्या खुणा ढोबळ असतात, त्यावरून वाचू नये. प्रत्येक पेशंटचा जार वेगळा.

सूचनेत चार गोष्टी असल्याच पाहिजेत: कुठली खाट, काय, किती वाजेपर्यंत, आणि कुठला आकडा आला तर धावत येऊन सांगायचं. "बीपी बघून घे" ही सूचना नव्हे. "९, १२ आणि १४ चं बीपी आत्ता घे, वरचं १०० च्या खाली किंवा १८० च्या वर आलं तर लिहिण्याआधी मला सांग, नाही तर साडेदहाला तिन्ही आकडे दे" ही सूचना. मग समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं. वेळ लागतो दहा सेकंद.

पल्लवी_जीएनएम
खूप उपयोगी, ब्रदर. ग्लुकोमीटरची शुगर आयाबाईने घेतली तर चालेल का? आमच्याकडे घेतात.

ब्रदर_सुदामानगर
माझ्या मते नाही. दिसायला सोपं काम आहे, पण आकडा खोटा येण्याच्या वाटा फार. बोटाला केळं किंवा पेढा लागलेला असेल तर शुगर वाढीव येते. स्पिरिट वाळलं नसेल तर आकडा चुकतो. बोट जोरात पिळलं तरी चुकतो. पट्ट्यांचा डबा उघडा राहिला की पट्ट्या दमटतात. आणि ज्या हाताला डेक्स्ट्रोजची बॉटल चालू आहे त्याच हाताचं बोट टोचलं तर आकडा कशाचा आला हे देवच जाणे. विद्यार्थिनीला द्या, पण आकड्यावर तिच्या सिस्टरची सही हवी.
विद्यार्थिनींना बीपी देतानाही आधी खाटेवर पट्टी लावून ठेवा: डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेली शीर) असलेला हात नाही, स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात नाही. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी जास्त येतं, हेही सांगा. आणि विद्यार्थिनींना स्टाफच्या संख्येत धरू नका. त्या नसतात त्या दिवशी वाटप कोसळतं.

आयसीयू_रात्रपाळी
मंजिरीताई, क्रमाचा सराव एका उदाहरणावर करा. सव्वादहा वाजलेत आणि पाच गोष्टी एकत्र आल्या:
बेड ४, कालचं पोटाचं ऑपरेशन, श्वास २६, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९१.
बेड ११ साठी रक्ताची पिशवी येऊन दहा मिनिटं झाली.
ओटीतून फोन: बेड १८ ला पाठवा.
बेड २० चे अटेंडर काउंटरवर: छुट्टी सकाळी सांगितली, अजून कागद नाही.
सर्जन राऊंडवर, बेड १५ ची फाइल मागतायत.

बेड ४ चे गुण मोजा. श्वास २५ किंवा वर म्हणजे ३, सॅच्युरेशन ९१ म्हणजे ३, ऑक्सिजन चालू म्हणून २. नाडी-बीपी न बघताच ८ झाले. इन्चार्ज तिकडे जाते. त्या खाटेची सिस्टर आधीच तिथे: डोकं वर करते, ऑक्सिजन आदेशाप्रमाणे वाढवते, बाकी व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घेते. इन्चार्ज आरएमओला (निवासी डॉक्टरांना) फोन करते आणि राऊंडवरच्या सर्जनना तिथेच बोलावते. पोटाचं ऑपरेशन त्यांच्याच युनिटचं असेल तर १५ ची फाइल आपोआप मागे पडते.

रक्त दुसऱ्या क्रमांकावर, कारण त्याला घड्याळ लागलेलं आहे. रक्तपेढीतून निघाल्यापासून ३० मिनिटांत सुरू व्हायला हवं आणि चार तासांत संपायला हवं. इथे दोन नोंदणीकृत सिस्टर लागतात: नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत, क्रॉसमॅचची (रक्त जुळल्याची) चिठ्ठी, सगळं खाटेजवळ, काउंटरवर नाही. मग पहिली १५ मिनिटं एकीने तिथे थांबायचं, म्हणजे या २० मिनिटांसाठी एक सिस्टर गेली असं धरूनच हिशेब करा. तेवढी मोकळी होणार नसेल तर पिशवी वेळेत रक्तपेढीत परत पाठवा. वॉर्डाच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही, त्याचं तापमान रक्तासाठी नसतं. आणि त्या लाइनमधून सलाइनशिवाय काही नाही, डेक्स्ट्रोज तर नाहीच.

ओटीला एक वाक्य: "१५ मिनिटांत पाठवते, बेड ४ ची इमर्जन्सी आहे." दरम्यान वॉर्ड बॉय ट्रॉली लावतो, आयाबाई गाऊन बदलते, दागिने अटेंडरच्या ताब्यात देते. पण चेकलिस्टवर सही सिस्टरचीच: संमतिपत्र, उपाशी असल्याची वेळ, ऑपरेशनची बाजू, ॲलर्जी, कवळी. अर्धवट चेकलिस्टने पाठवलेला पेशंट ओटीच्या दारातून परत येतो, मग वीस मिनिटं जातात ती वेगळीच.

अटेंडरला "थांबा, बघते" म्हणू नका. वेळ द्या: "साडेअकराला कागद हातात देते, तोवर फार्मसीची औषधं परत करून या." वेळ पाळली जाणार नसेल तर ती वेळ यायच्या आधी जाऊन सांगा.

आरएमओ_वाला
डॉक्टरांच्या बाजूने एकच. फोनवर "सर, बेड ४ ठीक नाही वाटत" म्हटलं की पुढचे चार प्रश्न मलाच विचारावे लागतात. त्याऐवजी: "वॉर्ड ३, बेड ४, कालचं आतड्याचं ऑपरेशन. श्वास २६, दोन लिटरवर ९१, नाडी ११८, बीपी १००-६०, ताप ३८.४. पहाटे श्वास १८ होता. न्यूज आता ८ च्या वर गेलाय. पाच मिनिटांत येऊन बघा, तोवर ऑक्सिजन किती करू?" वीस सेकंदांचं काम आहे. आधीचा आकडा सांगितला की घसरण कळते, ते फार मोलाचं. आणि तोंडी आदेश मिळाला तर लिहून परत वाचून दाखवा. फोनवर "पंधरा" आणि "पन्नास" सारखेच ऐकू येतात.

स्नेहलतागंज
छुट्ट्यांबद्दल थोडं. छुट्टीचं काम आदल्या संध्याकाळी सुरू करायचं. उद्याची संभाव्य नावं लिहून समरी (डिस्चार्जचा कागद), न वापरलेल्या औषधांची परती, शेवटचे रिपोर्ट, आणि विमा किंवा आयुष्मानची मंजुरी यातलं काय अडकलंय ते शोधायचं. सकाळी ९ ला समरी टाइप व्हायला गेली तर खाट दुपारपर्यंत अडतेच आणि कॅज्युअल्टीतला पेशंट स्ट्रेचरवर बसून राहतो. छुट्टीचा पेशंट "हलका" धरून सगळ्यांनी सोडून दिला की हातात कॅन्युला (शिरेतली नळी) तसाच घेऊन माणूस घरी पोचतो. शेवटची सही होण्याआधी कॅन्युला, कॅथेटर, टाके काढायची तारीख आणि इन्सुलिनचा डोस, एवढं त्या खाटेच्या सिस्टरने तोंडी विचारून घ्यायचं.

रामबागकर
इंदूरकरांसाठी खास: रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे), या दोन दिवसांचा रोस्टर वेगळा लावा. राजवाडा, खजुरी बाजार, जवाहर मार्ग, जेल रोड, सगळीकडे रस्ते बंद असतात. झांक्यांच्या रात्री ८ ची सिस्टर पश्चिमेकडून येणारी असेल तर ती ९:३० ला पोचते, आणि संध्याकाळची अडकून पडते. त्या दिवसापुरती पाळी दुपारीच बदला, किंवा मिरवणुकीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांची अदलाबदल करा. रक्तपेढी बाहेरची असेल तर गरजेचं रक्त दुपारीच राखून ठेवायला सांगा.

मंजिरी_इंदूर
सगळ्यांचे आभार. वजनाच्या पद्धतीने वाटप करून बघितलं, चुका काढा:
बीएससी क (सीनियर): बेड १ ते ७. यात बेड ४ जड.
बीएससी ख: ८ ते १४. बेड ११ ला रक्त.
जुनी जीएनएम: १५ ते २१. १६ ला एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जंतू) निघालेली जखम, १८ ओटीला जाणार, १९ केमोनंतरचा, पांढऱ्या पेशी खूप कमी.
नवीन जीएनएम: २२ ते २६. पाचच पेशंट, त्यात २४ चं दुपारी १२ ला हर्नियाचं ऑपरेशन होऊन परत येणार.

जुनी_मेट्रन
दोन जागी बदल हवा.

१६ आणि १९ एका सिस्टरकडे नकोत. एमआरएसएची जखम सांभाळणाऱ्या हातांनी पांढऱ्या पेशी उतरलेल्या पेशंटकडे जायचं नाही, हात कितीही धुतले तरी वाटप करतानाच टाळायचं. १९ ख कडे द्या, बदल्यात १२ जीएनएमकडे. आयाबाईलाही तोच नियम: आधी १९ चं स्पंजिंग, १६ चं सगळ्यात शेवटी.

दुसरं, नवीन मुलीकडे पाच पेशंट दिलेत म्हणून ते हलके झाले असं नाही. ओटीतून आलेल्या पेशंटची व्हायटल्स आमच्याकडे पहिला तास दर १५ मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने असतात. १२ ला आला तर २ वाजेपर्यंत सहा-सात वेळा. त्याच वेळी शुगर, इन्सुलिन आणि जेवण. २४ क कडे जाऊ दे आणि क चे ६ आणि ७, स्थिर असतील तर, नवीन मुलीकडे. खाटा सलग राहत नाहीत म्हणून जीव अडकवू नका. दुपारी २४ परत येईल तेव्हा नवीन मुलीला क च्या बरोबर उभी करा, म्हणजे पुढच्या महिन्यात ती एकटी घेईल. ४ आणि ११ सारखे दोन जड पेशंट एकाच वेळी बिघडले तर ख ला रक्तावरून हलवता येणार नाही, तेव्हा जीएनएमला आधीच सांगून ठेवा की क च्या मदतीला तीच जाणार.

देखरेखीच्या दोन फेऱ्या ठरवून घ्या, साडेदहा आणि साडेबाराची. या फेरीत कुणाचं काम तपासायला आलेय असा आव नको. प्रत्येकीला एवढंच विचारायचं: काय राहिलं, कुणाची काळजी वाटते, काय काढून घेऊ? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. नवीन मुली "सगळं ठीक" म्हणतात आणि ११ चं अँटिबायोटिक १ वाजेपर्यंत पडून असतं. वेळेला बांधलेली औषधं (इन्सुलिन, फिटची, पार्किन्सनची, रक्त गोठू न देणारी, प्रत्यारोपणाची) ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत गेलीच पाहिजेत. दिवसातून एकदाची कॅल्शियमची गोळी तासभर मागेपुढे झाली तरी काही बिघडत नाही. अडकल्यावर काय आधी टाळायचं हे यावरून ठरवा.

पल्लवी_जीएनएम
आणि २ वाजता काही कामं उरलीच तर? पुढच्या पाळीच्या सिस्टर चिडतात.

जुनी_मेट्रन
उरणारच. पण "ड्रेसिंग राहिलं" असं सांगू नका. "बेड १६ चं ड्रेसिंग राहिलं, सर्जन जखम बघायला ३ ला येणार आहेत म्हणून मुद्दाम ठेवलं, सामान ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात आहे" असं सांगा. मुद्दाम ठेवलेलं आणि विसरलेलं या दोन्हींच्या वेगळ्या यादी करा. रक्त चालू असेल तर कितीला लावलं आणि कितीपर्यंत संपायला हवं, ते पिशवीवर नव्हे, चार्टवर. क्रॅश कार्टच्या (इमर्जन्सीच्या सामानाच्या ट्रॉलीच्या) सीलचा नंबर, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) बल्ब आणि सिलिंडरचा काटा दोघींनी मिळून बघायचा. कंट्रोल्ड औषधांच्या अँप्यूल दोघींनी मोजून रजिस्टरवर दोन सह्या, मगच किल्ली द्यायची.